खिळेदादांची काचपाटी

पडदा वर जातो. पण रंगमंचाकडे बघू नका, तिथे आज कुणी नाही. डाव्या विंगेतून आत या, दोरखंडांना अडखळू नका, आणि लाकडी जिन्याखालचं ते बुटकं दार ढकला. आत पिवळा दिवा. लांबलचक टेबल, त्यावर सरसाचं भांडं, पटाशा, कानशी, पॉलिश पेपर. फळ्यांवर एक तीन पायांचं सिंहासन, कधीच न उडालेल्या बंदुकांची जुडी, आणि कागदाच्या लगद्याची भाजलेली कोंबडी, जिची तंगडी दर दौऱ्यात कुणीतरी मोडायचंच. टेबलामागे, ओठांत चार खिळे धरून, सगळ्या जगावर वैतागलेला एक माणूस.

हे आमचे खिळेदादा. नाटक मंडळीतली प्रत्येक वस्तू, तलवारीपासून टाचणीपर्यंत, यांच्या हातची. खरं नाव त्यांच्या आईला ठाऊक असेल. आम्हाला ते खिळे दिसायचे. खिळे ओठांत असले की दादा तुटक तुटक बोलायचे. खिळे काढून वाटीत ठेवले की समजायचं, आता भांडण आहे.

नाटकात ते आले एका खुर्चीमुळे. राजाच्या प्रवेशात खुर्चीने राजाला खाली पाडलं, प्रेक्षागृह हसून आडवं झालं, आणि मॅनेजरनी समोरच्या दुकानातून एका तरुण सुताराला बोलावून आणलं. त्याने पाय बसवला आणि म्हणाला, "धरतो की नाही ते बघूनच जातो." विंगेत बसून त्याने सगळा प्रयोग पाहिला. खुर्चीने धरलं. दुसऱ्या दिवशी हा परत हजर. म्हणे, काल राजा हलका बसला होता, आज नीट बसतो का बघू. असं करत करत केस पिकले तरी माणूस विंगेतून हलला नाही.

आणि नाटक बघायचे ते कसं! दागिन्यांची पेटी कायमची मिटण्याच्या माझ्या एका प्रवेशावर लोक डोळे पुसत उठले होते. मी आत आले, फुललेली, घामेजलेली. दादा समोर. मला वाटलं, आज तरी दोन शब्द मिळतील. मिळाले.

"राणीसरकार, आज पेटीने काम छान केलं. झाकण काय लागलं! सुंदर."

मी राण्यांची कामं फार केली म्हणून त्यांच्या तोंडी मी कायमची राणीसरकार. मोलकरणीचं काम करत असले तरी.

बढाईखोर होते, हे आधीच सांगून टाकते. आपल्या हातचं काम जगात सर्वांत चांगलं, यात त्यांना शंका नव्हती, आणि इतरांना असली तर ते ती दूर करायचे, मोठ्याने. पण बढाईला खाली पाया असायचा. तो पाया म्हणजे अंधार.

नाटक बघणाऱ्याला दोन प्रवेशांमधला अंधार म्हणजे खोकून घ्यायची वेळ. आम्हाला तीच खरी धावपळ. दिवे जातात, आणि डझनभर माणसं हातात टेबलं, ट्रंका, तबकं घेऊन एकमेकांच्या अंगावरून पळतात. एकदा अशाच पळापळीत ट्रंकेचा कोपरा आमच्या नायकाच्या भुवईत घुसला. पुढचा सगळा अंक तो एका डोळ्याने प्रेम करत होता. त्या दिवसापासून दादांनी कायदा केला: अंधारात हलणाऱ्या वस्तूला कोपरा ठेवायचा नाही. तबक असो, पुस्तक असो, फोटोची चौकट असो, चारही कोपरे कानशीने गोल. वस्तू तयार झाली की ते खोलीतला दिवा मालवायचे, ती आमच्या हातात द्यायचे आणि स्वतः वाटेत उभे राहायचे.

"पळ. मला धडक."

"अहो दादा, लागेल तुम्हाला!"

"लागलं तर परत घासतो. पळ म्हणतो ना!"

आम्ही धडकायचो. ते कण्हायचे, दिवा लावायचे, बरगडी चोळत वस्तू तपासायचे. नाटकातली वस्तू प्रेक्षकांच्या आधी त्यांच्या बरगडीला पसंत पडावी लागे.

आता त्या नाटकाकडे येते. येत्या काळातल्या घराचं नाटक होतं, विनोदी. तेव्हा घराघरात एकच फोन असायचा, भिंतीला बांधलेला. दिग्दर्शक म्हणाले, "या घरात प्रत्येकाच्या हातात एक पाटी हवी. काळ्या काचेची. बोट लावलं की उजळली पाहिजे. तिच्यावर पत्रं येतात, चित्रं येतात, सासू दिसते."

दादांनी खिळे वाटीत ठेवले. "कशी दिसते ही पाटी?"

"मला काय माहीत? अजून झालेली नाही."

"मग मी काय बघून करू?"

"तेच तर," दिग्दर्शक हसले.

दादा जिन्याखालच्या खोलीत शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काचपाटी होती. हे नाव त्यांचंच. एकसंध फळी आतून कोरलेली, वर काळी काच कडेपर्यंत बसवलेली, आत बारीक दिवा. पाटीच्या चेहऱ्यावर एकही खिळा, एकही नक्षी नाही, कारण प्रकाश पडला की नक्षी चमकते आणि लक्ष खाते. चारही कोपरे गोल, कारण कायदा. आणि खालच्या कडेला मधोमध अंगठ्याएवढी एक खळगी. अंधारात हातात आली की अंगठा खळगीत जायचा आणि कळायचं, ही खालची बाजू. मी सून होते. रोज ती पाटी हातात घेऊन सासूशी भांडायचे.

नाटक पडलं. लोक भलत्याच जागी हसायचे. वर्तमानपत्रात एका समीक्षकाने लिहिलं की एवढी मोठी पाटी हातात घेऊन माणसं दिवसभर फिरतील ही कल्पना निव्वळ बालिश आहे. त्याच पानावर आमचा एक फोटो होता: मी, सासू आणि काचपाटी. दादांनी परीक्षण वाचलं आणि म्हणाले, "पाटीबद्दल लिहिलंय ना? मग झालं."

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, एका सकाळी, मी बसस्टॉपवर उभी होते आणि माझ्या दोन्ही बाजूंना माणसं काळ्या काचेला बोटं लावून सासूशी भांडत होती.

दादांना तर आकाश ठेंगणं झालं. चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, अनोळखी माणसाच्या खांद्यावरून वाकून म्हणायचे, "हे मी आधी केलंय." माणसं खिसा चाचपायची. त्यांची लेक मोबाइलच्या दुकानात काउंटरवर होती. बापाची जीभ तिच्याकडे पुरेपूर आलेली.

"बाबा, दुकानात येऊ नका. हात जोडते. काल तुम्ही त्या गिऱ्हाइकाला सांगितलंत की हा टॅबलेट तुमचा आहे. त्याला वाटलं सेकंडहँड आहे, उठून गेला तो."

"मग खरं सांगू नको?"

"खरं घरी सांगा. मला सांगा. मी ऐकते की रोज जेवताना."

तिच्या दुकानात दोन कंपन्यांचे काउंटर समोरासमोर होते. गिऱ्हाइकंसुद्धा दोन घराण्यांसारखी वागायची. या काउंटरचा माणूस त्या काउंटरकडे बघायचासुद्धा नाही. आपण त्या कंपन्यांना थोरली आणि धाकटी म्हणू. पुढे थोरलीने धाकटीवर दावा ठोकला. म्हणणं असं, की सपाट चेहरा, काळी काच, गोल कोपरे हे रूप आमचं, आमच्या नावावर नोंदलेलं, आणि धाकटीने ते उचललं. धाकटीचं म्हणणं, असं रूप तुमच्या आधीही जगात होतं, त्यावर तुमची मालकी कसली? अशी दोघींची जुंपली. पुढे त्यांचं गूळपीठ जमलं आणि त्यांनी आपसात मिटवलं, पण ते फार नंतर. तेव्हा मात्र धाकटीची माणसं जुन्या मासिकांतून, प्रदर्शनांतून, अडगळीतून पुरावा हुडकत होती. आणि कुणाच्या तरी हाती आमचा तो वर्तमानपत्रातला फोटो लागला.

फोटोत काचपाटी होती, पण अर्धी माझ्या कोपराआड, आणि उरलेल्या कडेवर माझी बोटं. एकही कोपरा धड दिसेना. म्हणून धाकटीचा वकील थेट आमच्या मॅनेजरकडे आला. तरुण, आर्जवी मुलगा. त्याला वस्तू हवी होती.

मॅनेजरनी गोदाम उपसलं, आणि काय सांगू, पाटी सापडली! काळी काच, गोल कोपरे, सगळं जागच्या जागी. मी स्वतः बघितली आणि छातीशी धरली. वकिलाने ती कापडात गुंडाळून नेली. साक्षीला आम्हा दोघांची नावं लागली: ज्याने बनवली तो, आणि जिने हाताळली ती. दादा तेव्हा आजारातून उठत होते, त्यामुळे गोदामाकडे ते आलेच नाहीत.

लेकीने दुकानात सुट्टी सांगितली तेव्हा सगळे तिच्याभोवती गोळा झाले. रोज टिंगल करणारे म्हणाले, "म्हणजे तुझा बाप खरं बोलत होता?" हे मला सांगून ती म्हणाली, "मावशी, मी पण हसायचे हो त्यांना. आता जगात छापून येईल. पहिली पाटी यांची."

साक्षीच्या दिवशी दादांनी कपडेपटातून कोट मागून घेतला. तो कोट तीन नाटकांत न्यायाधीशाने आणि एका नाटकात चोराने घातला होता. दादांना तो शोभून दिसला.

उंच इमारतीतलं ऑफिस. जिथे साक्ष होणार होती त्या खोलीला काचेची भिंत होती, आणि आम्ही बाहेर सोफ्यावर बसलो होतो. आत लांब टेबलावर पांढऱ्या कापडावर आमची पाटी. हातमोजे घातलेला एक माणूस तिचे फोटो काढत होता. दादा कौतुकाने उठले, काचेला नाक लावून उभे राहिले. आणि तसेच राहिले.

परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"ही ती नव्हे," ते म्हणाले.

"काय ती नव्हे?" लेकीने विचारलं.

"ही दुसरी आहे. ते नाटक नव्या मुलांनी परत बसवलं होतं ना? तेव्हाची. तोवर बाजारात टॅबलेट आले होते. नवा दिग्दर्शक म्हणाला, दादा, लोकांना ओळखता आला पाहिजे, अस्सल दिसू दे. मी एका दुकानात जाऊन थोरलीचा टॅबलेट टेपने मोजला आणि ही केली. प्लायवूडची आहे. खळगी पण नाही हिला."

मीही फसले होते. "मग पहिली कुठाय दादा?"

"कुठे असणार? नाटक संपलं, वस्तू संपली. एका राजवाड्यात तबक झाली. मग कापून खिडकीची झडप केली. झडपेचं पुढे काय झालं, कुणास ठाऊक."

नाटकात असंच असतं. आमच्याकडे काही जपून ठेवत नाहीत. कालच्या राजवाड्यातून आजची झोपडी निघते. त्यात दादांचा हात धरणारा कुणी नव्हता.

लेक बापाजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "बाबा, पण पहिली तुम्ही केलीच होती ना? अशीच होती ना?"

"अशीच. हिच्याहून चांगली."

"मग खोटं काय त्यात? ते विचारतील ही तुमची का, तुम्ही फक्त 'हो' म्हणा. तुमचीच तर आहे. आयुष्यभर ओरडून सांगताय, कुणी ऐकलं नाही. आज सगळे कान देऊन बसलेत. आज नाही, तर परत कधी?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मला तर त्यांनी 'हो' म्हणावं असंच वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार वाटत होतं. त्या माणसाला टाळी मिळालेली मला एकदा बघायची होती. आम्ही रोज टाळ्या घेतल्या. त्याला कुणी कधी पडद्यापुढे बोलावलं नव्हतं.

दार उघडलं. नाव पुकारलं. खरं नाव. दादांना ते स्वतःचं आहे हे कळायला जरा वेळ लागला.

आत दोन्ही बाजूंचे वकील, कोपऱ्यात कॅमेरा, आणि मधे जबानी लिहून घेणारे अधिकारी, भारदस्त, चष्मा नाकावर. आम्हाला भिंतीशी बसायला परवानगी मिळाली. धाकटीचा तरुण वकील उठला.

"समोरची वस्तू आपण ओळखता?"

"ओळखतो. माझ्या हातची आहे."

वकील खुलला. "नाटकाच्या पहिल्या प्रयोगात वापरलेली काचपाटी ती हीच?"

मी आयुष्यभर रंगमंचावर विराम घेतले आहेत. प्रेक्षक श्वास रोखतील इतके लांब घेतले आहेत. पण खिळेदादांनी त्या खोलीत जो घेतला, तसा मला एकदाही जमला नाही. त्यांनी हात पुढे केला, हातमोजेवाला "अहो, अहो" करत असताना पाटी उचलली, उलटी केली, सुलटी केली, खाली ठेवली.

"नाही."

लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"जरा नीट बघून सांगता का?" तरुण वकील अजून आर्जवीच होता. "बराच काळ लोटला आहे."

"नीटच बघितली, साहेब. ही नंतरची. दुकानातली बघून केलेली. तुमची खेप फुकट गेली, वाईट वाटतं मला. पण ही ती नव्हे."

तो मुलगा खाली बसला. रागावला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. नुसता खाली बसला. आणि थोरलीच्या वकीलबाई उठल्या. ठेंगण्या, चुणचुणीत, डोळ्यांत हसू.

"म्हणजे ही आमच्या टॅबलेटची नक्कल आहे, असं तुम्ही मान्य करता?"

"हुबेहूब नक्कल आहे. मिलिमीटरचा फरक निघाला तर सांगा."

"आणि त्यात तुम्हाला काही गैर वाटत नाही?"

"नक्कल हा माझा धंदाच आहे, बाई. मी सिंहासनाची नक्कल केली, तोफेची केली, भाजलेल्या कोंबडीची केली. अजून कुठल्या कोंबडीने दावा लावलेला नाही."

अधिकाऱ्यांचा चष्मा नाकावरून घसरला. कॅमेरावाला तोंडावर हात धरून हसला. वकीलबाई तर मोकळेपणी हसल्या. पण बाई हुशार होत्या. हसू ओसरायच्या आत पुढचा प्रश्न टाकला.

"मग पहिलीसुद्धा कशाची तरी नक्कलच असणार, नाही का?"

मला भीती वाटली, आता दादा चिडतात. पण ते शांतपणे म्हणाले, "पहिली करताना समोर ठेवायला काहीच नव्हतं. दिग्दर्शकालाही ठाऊक नव्हतं ती कशी दिसते. अंधार तेवढा होता. अंधारात कुणाला लागू नये म्हणून कोपरे गोल केले. खालची बाजू कळावी म्हणून खळगी केली. प्रकाश पडला की चमकू नये म्हणून चेहरा कोरा ठेवला. बाकी मी काही केलं नाही, बाई. ती आपोआप तशी झाली."

वकीलबाईंनी आपल्या हातातला टॅबलेट टेबलावर ठेवला. ठेवताना त्यांचं बोट त्याच्या कोपऱ्यावरून फिरलं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी हात मागे घेतला.

"ती पहिली आज कुठे आहे?" त्यांनी विचारलं. या वेळी आवाजात टोक नव्हतं.

"कापली. मीच."

"ती तशी होती, याला काही पुरावा?"

"फोटो आहे. पण त्यात कोपरे आमच्या राणीसरकारांनी झाकलेत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर सावरून मान लववली. करते काय?

"माझे प्रश्न संपले," वकीलबाई म्हणाल्या. बसताना त्यांनी दादांपुढे किंचित मान झुकवली. तशी मान आम्ही नाटकवाले आपल्याहून मोठ्या नटापुढे झुकवतो.

शेजारी लेक रडत होती. मला वाटलं, हिची दुकानातली लाज गेली, म्हणून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मावशी, बघा ना कसे बसलेत. ताठ." खरंच, दादा खुर्चीत असे बसले होते की तो कोट प्रथमच कुणा न्यायाधीशाच्या अंगावर आहे असं वाटावं. लेकीने डोळे पुसले, आणि मग तीही तशीच ताठ बसली. बापाची लेक.

अधिकाऱ्यांनी जबानी वाचून दाखवली. पाटी पुराव्यातून बाद झाल्याची नोंद केली, म्हणजे माझ्या साक्षीचीही गरज उरली नाही. हातमोजेवाल्याने ती कापडात गुंडाळली, या वेळी जरा सैलच. मग अधिकाऱ्यांनी पद्धतीप्रमाणे विचारलं, साक्षीदाराला आणखी काही सांगायचं आहे का.

"आहे," खिळेदादा म्हणाले. उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाले, "लिहून घ्या. पहिली मी केली होती. दाखवायला नाही माझ्याकडे. पण केली होती."